कपभर कॉफी, चिमूटभर आवर्तसारणी

कॉफीचा विषय निघाला की गाडी कॅफीनवर येऊन थांबते. पण भाजलेल्या बियांत पोटॅशियमपासून स्ट्रॉन्शियमपर्यंत मूलद्रव्यांची भलीमोठी जत्रा भरलेली असते. त्यातली काही शरीराला हवीच असतात: मॅग्नेशियम, लोह, जस्त, तांबं, मँगेनीज. काही अजिबात नकोत: शिसं, कॅडमियम, आर्सेनिक. ‘कॉफीत धातू आहे का?’ हा प्रश्न ते मोजणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांना पडत नाही, कारण यंत्र पुरेसं तल्लख असलं की धातू कशातही सापडतो. त्यांचे प्रश्न तीन: किती आहे, आला कुठून, आणि कपात उतरला किती? या तीन प्रश्नांच्या मागे धावताना काय काय हाती लागलं, त्याचा हा फर्मास नमुना.

१. खुर्ची पोटॅशियमची

कॉफीची बी जाळून राख केली, तर मूळ वजनाच्या चारेक टक्के राख उरते. या राखेत सर्वांत मोठा वाटा पोटॅशियमचा, सुमारे ४० टक्के. म्हणजे किलोभर बियांत १५ ते २० ग्रॅम नुसतं पोटॅशियम. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम एक-दोन ग्रॅमच्या घरात, आणि लोह, मँगेनीज, तांबं, जस्त मात्र मिलिग्रॅममध्ये. पोटॅशियमच्या पंगतीला त्याचा चुलत भाऊ रुबिडियमही बसतो. रोपाची मुळं पोटॅशियम समजून त्यालाही आत घेतात. बुन्सेन आणि किरचॉफ या जोडीनं १८६१ मध्ये वर्णपटातल्या लाल रेषांवरून शोधलेलं हे मूलद्रव्य तुमच्या कपात रोज हजेरी लावतं.

२. कप थोडासा किरणोत्सारी आहे

दचकू नका. निसर्गातल्या सगळ्या पोटॅशियमचा ०.०१२ टक्के भाग पोटॅशियम-४० या किरणोत्सारी रूपात असतो. त्यामुळे एक ग्रॅम पोटॅशियममधले साधारण ३१ अणू दर सेकंदाला फुटतात. मोठ्या कपभर काळ्या कॉफीत पोटॅशियम सव्वाशे मिलिग्रॅमच्या आतबाहेर. हिशेब केला तर तुमच्या कपात सेकंदाला तीन-चार अणू फुटत असतात. केळं, बटाटा, डाळ आणि हे वाचणारे तुम्ही स्वतः, सगळे याच यादीत आहात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसानं रोज किमान ३५१० मिलिग्रॅम पोटॅशियम घ्यावं. कॉफीचा एक कप त्यातला तीनेक टक्के भार उचलतो.

३. भट्टीत पळतं ते पाणी, धातू नव्हे

भाजताना भट्टीचं तापमान साधारण २०० ते २३० अंशांपर्यंत जातं. शिसं उकळायला लागतात १७४९ अंश, कॅडमियमला ७६७. म्हणजे भाजून विषारी धातू उडून जातील, ही आशा फोल. पारा तेवढा ३५७ अंशांवर उकळतो आणि त्याआधीच वाफ सोडू लागतो, म्हणून तो थोडाफार निसटू शकतो. बाकीचे जागचे हलत नाहीत. उलट, भाजताना पाणी आणि वायू निघून गेल्यानं बियांचं वजन १२ ते २० टक्के घटतं आणि धातूंचं प्रमाण वाढल्यासारखं दिसतं. १०० ग्रॅम हिरव्या बियांत १.७ ग्रॅम पोटॅशियम होतं, भाजून बिया ८५ ग्रॅम उरल्या, की तेच पोटॅशियम २ टक्के झालं! एक कणही बाहेरून आलेला नाही. म्हणून हिरव्या बियांचा आकडा आणि भाजलेल्या बियांचा आकडा शेजारी ठेवताना आधी वजनाची चौकशी करावी.

४. काळ्या पुडीचं नितळ पाणी

यंत्राला पूड चालत नाही, द्रव लागतो. मग पूड विरघळवायची कशी? अर्धा ग्रॅम पूड टेफ्लॉनच्या जाड नळकांड्यात टाकतात. वरून तीव्र नायट्रिक आम्ल आणि थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड. पूड फसफसते, तपकिरी धूर निघतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड, म्हणून हे सगळं धूर ओढून घेणाऱ्या कपाटात. फसफस शमली की झाकण घट्ट लावून नळकांडी खास मायक्रोवेव्हमध्ये जातात. आत तापमान १८० ते २०० अंश, आणि दाब इतका की घरच्या कुकरची शिट्टी केव्हाच उडाली असती. अर्ध्या-पाऊण तासानं बाहेर येतं ते जवळजवळ रंगहीन, फार तर फिकट पिवळं पाणी. सुगंध, तेल, कॅफीन, कडवटपणा, सगळं वायू होऊन गेलेलं. मागे राहिलेत फक्त धातू. द्रव गढूळ किंवा पिवळाजर्द निघाला, तर काम अर्धवट राहिलं असं समजून पुन्हा पहिल्यापासून.

५. शितावरून पोत्याची परीक्षा

पोतं ६० किलोचं आणि तपासायला अर्धा ग्रॅम! इथे शितावरून भाताची परीक्षा चालते खरी, पण शीत कुठून उचललं यावर सगळं अवलंबून. म्हणून पोत्याच्या वेगवेगळ्या भागांतून बिया काढतात, एकत्र दळतात, मिसळतात, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवतात, आणि नमुना हवा तेवढा होईपर्यंत हेच करत राहतात.

खरी गोम पुढे आहे. दळायचं कशात? पोलादी पात्यांचा ग्राइंडर वापरला तर पात्यांचंच लोह, क्रोमियम आणि निकेल पुडीत उतरतं. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं! त्यावर उपाय अगेटच्या दगडाचा किंवा सिरॅमिकचा खल. हातमोजे बिनपावडरचे, कारण पावडरीत जस्त असू शकतं. काचेऐवजी प्लास्टिकच्या बाटल्या, त्याही रात्रभर पातळ नायट्रिक आम्लात बुडवून ठेवलेल्या.

६. पृथ्वीचं वय आणि हवेतलं शिसं

एवढं सोवळं पाळायला जगाला शिकवलं ते क्लेअर पॅटरसन या अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञानं. त्याचा कॉफीशी संबंध नव्हता. उल्केतलं शिसं मोजून त्याला पृथ्वीचं वय काढायचं होतं. पण दर वेळी आकडे चढे येत. शोध घेतल्यावर कळलं की शिसं धुळीत, हवेत, भांड्यांत, रसायनांत, माणसाच्या केसांतसुद्धा आहे. मग त्यानं अतिस्वच्छ प्रयोगशाळा उभारली आणि १९५६ मध्ये पृथ्वीचं वय मांडलं: सुमारे ४५५ कोटी वर्षं. पुढे पेट्रोलमधल्या शिशाविरुद्ध त्यानं आयुष्यभर लढा दिला. आज कॉफीतलं शिसं मोजताना प्रत्येक खेपेला एक नळकांडं नुसत्या आम्लाचंही तपासलं जातं. त्यात कॉफी नसते, तरी थोडं शिसं निघतं. ते प्रयोगशाळेचं स्वतःचं, म्हणून ते वजा करायचं.

७. बागकाम करताना सुचलेलं यंत्र

१९५२ च्या मार्चमधला एक रविवार. मेलबर्नमध्ये ॲलन वॉल्श हा भौतिकशास्त्रज्ञ घरच्या बागेत काम करत होता आणि अचानक त्याच्या डोक्यात उजेड पडला. तोवर तापलेल्या अणूंमधून बाहेर पडणारा प्रकाश मोजण्याचा रिवाज होता. अणू जो प्रकाश गिळतात तो का मोजू नये? सोमवारी प्रयोगशाळेत त्यानं सोडियमचा दिवा आणि ज्योत मांडून पडताळाही घेतला. १९५५ मध्ये शोधनिबंध आला आणि अणुशोषण वर्णपटमापन जगभर पसरलं. तत्त्व साधं आहे: प्रत्येक धातूला ठरावीक रंगाचाच प्रकाश पचतो. तांब्याला ३२४.८ नॅनोमीटर, पोटॅशियमला ७६६.५. तांब्याचा दिवा लावा, कॉफीचा द्रव ज्योतीत फवारा. जेवढा प्रकाश गडप, तेवढं तांबं.

८. सूर्याच्या पृष्ठभागाहून गरम

आजचं आवडतं यंत्र आयसीपी-एमएस. आर्गॉन वायूतून रेडिओलहरी सोडून एक धगधगता झोत तयार करतात. त्याचं तापमान ६,००० ते १०,००० केल्विन. सूर्याचा पृष्ठभाग ५,७७२ केल्विनवर आहे, म्हणजे कॉफी त्याहून तापट जागी जाऊन येते. तिथे अणूंचे विद्युतभारित आयन होतात आणि त्यांच्या वस्तुमानानुसार त्यांची मोजदाद होते. एका फवाऱ्यात काही मिनिटांत तीसेक मूलद्रव्यांचा हिशेब हातात. पकड अब्जांशाची आणि त्याहूनही बारीक. अब्जांश म्हणजे जवळपास ३२ वर्षांतला नेमका एक सेकंद हुडकून दाखवणं.

९. तोतया आर्सेनिक

एवढ्या हुशार यंत्रालाही गंडवणारे भेटतात. आर्सेनिकचं वस्तुमान ७५. झोतातल्या आर्गॉनचं ४०. नमुन्यात किंवा आम्लात क्लोरीन असेल तर त्याचं ३५. दोघांनी हातमिळवणी केली की ४० अधिक ३५, झालं ७५! यंत्र बिनदिक्कत सांगतं: आर्सेनिक सापडलं. लोहाचंही तसंच. आर्गॉन ४० आणि ऑक्सिजन १६ मिळून ५६, म्हणजे थेट लोहाचा मुखवटा.

या जोड्यांना पकडायला वाटेत हेलियमनं भरलेली एक कोठडी ठेवतात. जोडी आकारानं मोठी, त्यामुळे हेलियमशी जास्त टकरा होतात, तिचा जोर कमी पडतो आणि ती पुढच्या अडथळ्यावर अडकते. एकटा आर्सेनिकचा अणू सटकन पार होतो. शिवाय कॉफी विरघळवताना हायड्रोक्लोरिक आम्ल शक्यतो टाळतात. चोराला घरात बोलवायचंच कशाला?

१०. साक्षीला पीचची पानं

आपला आकडा बरोबर आहे हे कशावरून? त्यासाठी उत्तर आधीच ठाऊक असलेला नमुना सोबत चालवतात. अमेरिकेच्या प्रमाणन संस्थेची, निस्टची, सफरचंदाच्या आणि पीचच्या पानांची पूड अशा कामात सर्रास दिसते. बाटलीसोबत प्रमाणपत्र येतं: यात मँगेनीज इतकं, जस्त इतकं, शिसं इतकं. कॉफीबरोबर ही पानंही त्याच आम्लात, त्याच मायक्रोवेव्हमध्ये. पानांचे आकडे प्रमाणपत्राशी जुळले तर कॉफीच्या आकड्यांवर विश्वास. दुसरी युक्ती म्हणजे कॉफीत मुद्दाम ठरावीक शिसं घालून ते परत मिळतं का बघणं. शंभर घातले आणि साठच सापडले, तर चाळीस कुठे सांडले ते शोधायला लागायचं.

११. कॉफीच्या मळ्यातलं निळं पाणी

१८६९ मध्ये श्रीलंकेच्या, म्हणजे तेव्हाच्या सिलोनच्या, कॉफीच्या पानांवर नारिंगी ठिपके दिसले. तांबेरा! दोन-तीन दशकांत तिथली कॉफी जवळपास संपली आणि त्या डोंगरांवर चहा आला. त्यावर औषध सापडलं फ्रान्समधल्या द्राक्षबागांत. १८८५ मध्ये मियार्दे यानं मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण मांडलं. नाशिक-सांगलीचे द्राक्ष बागायतदार ज्याला बोर्डो म्हणतात, तेच हे. कूर्ग आणि चिकमगळूरच्या कॉफी मळ्यांत तांबेऱ्यावर हीच निळी फवारणी अजून चालते.

मोरचूद म्हणजे तांबं. म्हणून भारतीय कॉफीत तांबं मोजण्याला वेगळा अर्थ आहे. बियांत ते मुळातच किलोमागे १० ते २० मिलिग्रॅम असतं, कारण झाडालाही तांबं लागतंच. भारतीय अन्नसुरक्षा नियमांत कॉफीच्या बियांसाठी कमाल मर्यादा ३० मिलिग्रॅमची. नुसतं तांबं सापडलं म्हणून फवारणीवर खापर फोडता येत नाही, नेहमीचा आकडा आधी माहीत हवा.

१२. ज्वालामुखीनं दिलेली साक्ष

हवाई बेटावरच्या कोना भागात, ज्वालामुखीच्या उतारांवर पिकणारी कॉफी जगात महागड्यांपैकी एक. तिथल्या शेतकऱ्यांचा दावा होता की कोनात वर्षाला २७ लाख पौंड हिरव्या बिया पिकतात, आणि ‘कोना’ नावानं विकली जाते २ कोटी पौंडांहून जास्त कॉफी. २०१९ मध्ये ते सिएटलच्या न्यायालयात गेले.

पण भाजलेल्या बीचं गाव ओळखायचं कसं? चव वादाची, सुगंध मिश्रणात हरवलेला, पाण्यावरून ओळखावं तर पाणी भट्टीत उडालेलं. युटा विद्यापीठाचे जेम्स एलरिंगर यांनी धातूंना साक्षीला उभं केलं. धातू भट्टीत उडत नाहीत आणि ते आलेले असतात मातीतून. स्ट्रॉन्शियम, बेरियम, जस्त, निकेल अशा मूलद्रव्यांची एकमेकांशी गुणोत्तरं काढली. खात्रीच्या कोना कॉफीचे ठिपके आलेखावर एका घोळक्यात बसले, आणि पाकिटांवर कोना लिहिलेल्या अनेक कॉफ्यांचे ठिपके भलतीकडेच. एकेक कंपनी तडजोडीला आली आणि एकूण रक्कम ४ कोटी १० लाख डॉलरच्या वर गेली. गुणोत्तर का, नुसता आकडा का नाही? कारण बी कमी भाजली की जास्त, त्यानं सगळेच आकडे एकत्र वरखाली होतात, गुणोत्तर मात्र ढळत नाही.

१३. राखही चुगली करते

महागडं यंत्र नसलं तरी साधी भट्टी बरंच सांगते. भारतीय मानकानुसार भाजलेल्या कॉफीची एकूण राख ३ ते ६ टक्क्यांत हवी, त्यातली किमान ६५ टक्के पाण्यात विरघळायला हवी, आणि आम्लातही न विरघळणारी राख ०.१ टक्क्याच्या वर नको. पाण्यात विरघळणारी राख म्हणजे मुख्यतः पोटॅशियमचे क्षार, अस्सल कॉफीची खूण. आम्लालाही दाद न देणारी राख म्हणजे वाळू-माती. चिकोरी हे जमिनीतलं मूळ असल्यानं तिच्यासोबत मातीतला सिलिका येतो, कॉफीच्या बीत तो जवळपास नसतोच. कॉफी-चिकोरी मिश्रणाला कायद्यानं परवानगी आहे, मात्र त्यात कॉफी किमान ५१ टक्के हवी.

१४. कपात कोण उतरतं, चोथ्यात कोण राहतं

पूड तपासली, पण आपण पूड खात नाही. गरम पाण्यात पोटॅशियम धावत उतरतं. लोह आणि कॅल्शियम चोथ्याला चिकटून बसतात. इन्स्टंट कॉफीत मात्र पळवाट नाही. कॉफीचा अर्क वाळवूनच ती बनते, त्यामुळे तिच्यात १०० ग्रॅममागे साडेतीन ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम, म्हणजे साध्या पुडीच्या जवळजवळ दुप्पट, आणि सगळंच्या सगळं कपात.

चोथ्याचा हा चिकट स्वभाव कामालाही येतो. इटलीत जिनोआच्या संशोधकांनी २०१६ मध्ये वापरलेल्या कॉफीचा चोथा सिलिकॉनच्या स्पंजात बसवला. साचलेल्या पाण्यात तो ३० तास ठेवल्यावर ९९ टक्क्यांपर्यंत शिसं आणि पारा त्यानं ओढून घेतला. कॉफीत शिसं शोधणाऱ्यांना पाण्यातलं शिसं काढणारी कॉफी भेटली!

१५. गुन्हेगार पुडीत नव्हता

जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेनं २०१३ मध्ये कॉफीची यंत्रं तपासली. काही एस्प्रेसो यंत्रांतून, विशेषतः आत साचलेले क्षार आम्लानं काढल्यानंतर, कॉफीत शिसं उतरताना आढळलं. क्षाराचा थर खरवडला गेला की खालचा धातू उघडा पडतो. म्हणून यंत्र साफ केल्यावर ते पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवावं. कॉफी आम्लधर्मी, त्यामुळे पितळेचा फिल्टर किंवा भांडं वापरत असाल तर आतली कल्हई शाबूत आहे ना, ते बघा. कथिलाचा तो पातळ थर पितळेतलं तांबं-जस्त आणि तुमची कॉफी यांच्यामध्ये उभा असतो.

१६. लोह कॉफीतलं नव्हे, जेवणातलं

कॉफीतल्या लोहाची चर्चा करणाऱ्यांनी जेवणातल्या लोहाची करावी. १९८३ च्या एका अमेरिकी प्रयोगात जेवणासोबत एक कप कॉफी घेतल्यावर लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं, चहानं तर ६४ टक्क्यांनी. कारण त्यातली पॉलिफेनॉल्स लोहाला बांधून ठेवतात. जेवणाआधी तासभर घेतलेल्या कॉफीनं फरक पडला नाही, पण जेवणानंतर तासाभरानं घेतलेल्या कॉफीनं तेवढीच घट केली! हिमोग्लोबिन कमी असेल तर जायफळ घातलेल्या कॉफीची वेळ जेवणाआधी ठेवणं शहाणपणाचं.

१७. ‘कॉफीत सापडलं शिसं!’ ही बातमी आली तर

घाबरण्याआधी पेन्सिल घ्या. ब्राझीलच्या २०१३ च्या नियमात भाजलेल्या कॉफीसाठी किलोमागे ०.५ मिलिग्रॅम शिशाची मर्यादा होती. अगदी त्या मर्यादेवरची पूड घेतली, कपाला १० ग्रॅम वापरली आणि सगळं शिसं कपात उतरलं असं धरलं, तरी होतात ५ मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक पातळी लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. म्हणजे मर्यादेवरच्या पुडीचा तो कप त्या पातळीच्या अर्धा लिटर पाण्याइतका. याचा अर्थ शिसं चालेल असा नाही. त्याची सुरक्षित मात्रा सांगता येत नाही म्हणून आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीनं २०१० मध्ये जुनी साप्ताहिक मर्यादा मागेच घेतली. जितकं कमी तितकं बरं, हाच नियम.

तेव्हा विचारायचं एवढंच: आकडा पुडीतला की कपातला? मिलिग्रॅम की मायक्रोग्रॅम? आणि धातू मातीतला, फवारणीतला, ग्राइंडरमधला की यंत्रातला? आकडा एकटाच दारात आला, तर त्याला तिथेच थांबवा. एकक आणि मूळ गाव सांगितल्याशिवाय आत घेऊ नका.